वीस मोजेपर्यंत

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. चौथीत माझी कंपासपेटी खिडकीतून फेकणाऱ्या मुलीने परवा फेसबुकवर मैत्रीची विनंती पाठवली. ती मी नाकारली आणि मग आलं घालून चहा करून प्यायले. क्षमा करणाऱ्या माणसांना मी लांबून हात जोडते, पण त्यांच्या शेजारी मला बसवत नाही. भुजंगरावांशी माझं जमलं ते त्यामुळेच.

ते आमचे घरमालक. देवराज मोहल्ल्यात, मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. पुढे दुकान, मागे ते एकटे, वर आम्ही दोघं भाडेकरू. माझ्या नवऱ्याच्या, अनुरागच्या नोकरीपायी आम्ही सांगलीहून म्हैसूरला आलो ते दोन वर्षांसाठी, त्याला आता बारा वर्षं होऊन गेली. दुकानाच्या पाटीवर ‘सीट कव्हर, सोफा, सॅडल’ असं लिहिलेलं आहे. त्यातला सॅडल हा शब्द सगळ्यात बारीक, कारण खोगिराचं गिऱ्हाईक हल्ली दसऱ्याच्या आधी येतं तेवढंच. भुजंगरावांचं घराणं मूळचं मराठी, पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. ते स्वतःचं खोगीर स्वतःच दुरुस्त करायचे, ते बघून त्यांच्या मुलांनी तोच धंदा धरला आणि घोडे गेले तरी सोडला नाही. भुजंगराव अडुसष्ट वर्षांचे, काटकुळे, कमी बोलणारे. मेणाचा दोरा ओढून ओढून त्यांच्या बोटांवर घट्टे पडलेत, पण त्या बोटांना अंधारातही टाका कळतो.

दुकानाच्या तुळईला एक लोखंडी आकडा आहे. खोगीर घोड्याच्या पाठीवर धरून ठेवणारा, पोटाखालून जाणारा पट्टा असतो, त्याला तंग म्हणतात. नवा तंग शिवून झाला की तो आकड्याला अडकवायचा, शिवणाऱ्याने दोन्ही हातांनी धरून पाय उचलून लोंबकळायचं आणि घरातल्या दुसऱ्या कुणी तरी वीसपर्यंत मोजायचं. मोजणी मराठीतच. घरात अर्धं कन्नड चालतं, पण आकड्याखाली नाही. “पट्टा सुटला तर स्वार पडतो. स्वार पडला की शिवणारा मेला. अष्टे,” असं ते मला एकदा म्हणाले होते. अष्टे म्हणजे एवढंच. मोजायचं काम त्यांची एकुलती एक मुलगी तुळसी करायची. आई लवकर गेलेली, शाळा कन्नड. तुळसीला मराठीत आकडे येतात ते वीसपर्यंतच. त्यापुढे तिला कधी लागलेच नाहीत.

तुळसी दिली नंजनगूडच्या मानाजीरावांच्या गगनला. गगन हैदराबादला नोकरी करतो. मुलगा भला आहे, बापासमोर मात्र त्याचं तोंड उघडत नाही. मानाजीरावांचं नंजनगूडला लहान मुलांच्या वस्तूंचं मोठं दुकान आहे आणि मागे शेडमध्ये सहा शिलाई मशीनं. परदेशी वस्तू बघायची, तशी शिवायची, वर छान डबा करायचा, हा त्यांचा व्यवहार. माणूस गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्यांवर माझा मुळातच राग आहे, पण तो इथे बाजूला ठेवते.

तर गेल्या मे महिन्यात तुळसी आणि गगन सुट्टीला आले होते, अडीच वर्षांच्या मुलीला, नव्याला घेऊन. परतीचा प्रवास विमानाने होता. दोन वर्षांवरच्या मुलाला विमानात स्वतःची खुर्ची घ्यावी लागते. पण खुर्चीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा. लहान पोटावर तो ढिला पडतो, वर सरकतो आणि छातीला तर काहीच आधार नसतो. म्हणून पाठीमागे खुर्चीला गुंडाळायचा आणि पुढून दोन्ही खांद्यांवर घ्यायचा एक जादा पट्टा मिळतो. खरा पट्टा तपासून, विमानात चालेल असा शिक्का मारून येतो. मानाजीरावांनी तसला एक कुठेतरी पाहिला, शेडमध्ये शिवून घेतला, आणि शिक्का? तोही छापून घेतला.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते स्वतः आले. डब्यावर हळदकुंकू, सोबत खणाचा कपडा, बेसनाचे लाडू. आजोबांकडून नातीला आहेर. मी खाली कॉफी द्यायला गेले होते, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. भुजंगरावांनी पट्टा हातात घेतला. खांद्याची पट्टी जिथे मागच्या पट्टीला जोडली होती, तिथल्या शिवणीवरून त्यांनी अंगठा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला. मला वाटलं, कौतुक करताहेत.

“छान आहे,” ते म्हणाले आणि पट्ट्याची घडी करून डब्यात ठेवली.

तुळसी हसत म्हणाली, “अप्पा, आकड्याला लावत नाही काय? मी मोजते की!”

“सुम्मने इरु,” ते तिच्यावर खेकसले. गप्प बस. “आहेर आहे तो.”

मानाजीराव मोठ्याने हसले. आकडा तिथून चार पावलांवर होता.

दुसऱ्या दिवशी मंडकळ्ळीच्या विमानतळावर भुजंगराव त्यांना सोडून आले. हैदराबाद जवळ आल्यावर विमान ढगात शिरलं आणि हवेतच हिसका बसून एकदम खाली आलं. मग पुन्हा. गगनला काही झालं नाही, तुळसीला काही झालं नाही, त्यांचे पट्टे विमानाचे होते. नव्याच्या डाव्या खांद्याची शिवण दुसऱ्या हिसक्याला उसवली. पोटावरचा पट्टा आधीच वर सरकलेला. मुलगी उजवीकडे फेकली गेली आणि खुर्चीच्या हातावर आपटली. हाताचं हाड मोडलं, भुवईवर सात टाके पडले, पुढचे दोन दुधाचे दात गेले. हवाईसुंदरीने निघताना शिक्का पाहूनच हो म्हटलं होतं. ती बिचारी तरी काय करणार? शिक्क्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

भुजंगराव त्याच दिवशीच्या गाडीने हैदराबादला गेले आणि आठवड्याने परत आले, ते फाटका पट्टा घेऊन. तो त्यांनी मशीनसमोरच्या खिळ्याला टांगला. गौरी-गणपती झाले तरी तो तिथेच होता. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय? ते उत्तर द्यायचे नाहीत. एकदा मीच जवळ जाऊन पाहिला, तेव्हा ते उठून आले आणि शिवणीवर बोट ठेवून म्हणाले, “मोजा. इंचात टाके किती?”

“तीन.”

“आठ पाहिजेत. चौकट मारून मध्ये फुली पाहिजे. दोरा नायलॉनचा पाहिजे. हा दोरा उशीच्या अभ्र्याचा आहे ताई. माझ्या नातीला त्याने अभ्र्यात शिवली.”

त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत मला ओळखीचं काहीतरी दिसलं. नावच भुजंग, डूख धरला तर नवल काय, असं मी अनुरागला म्हटलं. तो म्हणाला, तुला बरा सोबती मिळाला.

मानाजीरावांचं म्हणणं, दृष्ट लागली. फोनवर त्यांनी भुजंगरावांना सांगितलं की मीठमोहऱ्या ओवाळून टाका, आमच्याकडेही टाकल्यात. दुकानात तसलेच पट्टे विकणं मात्र चालूच. आणि श्रावणात हा माणूस चक्क दारात उभा राहिला, हातात नवा डबा घेऊन. आत गुलाबी पट्टा. “आधीचा माल जरा जुना होता हो. हा नवा. नव्याला गुलाबी आवडतो ना?” घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात ते उगीच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भुजंगरावांनी मात्र त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि दारापर्यंत पोचवायला गेले.

“काका, तोंडावर फेकायचा होता!” ते परत आल्यावर मी ओरडले.

“बेडा,” ते म्हणाले. नको. “एकट्यात अपमान केला तर तो अपमान नव्हे. चाळीस लोक पाहिजेत.”

मी ग्राहक मंचाचं नाव काढलं. तक्रार करू, मी अर्ज लिहिते म्हटलं. ते म्हणाले, ते तुम्ही नंतर करा, आधी माझं होऊ दे. तेव्हा कुणी याला उगाच उदात्त करू नये. आणखी मुलांना इजा होऊ नये वगैरे होतंच, पण ते मागच्या बाकावर होतं. पुढच्या बाकावर सूड बसला होता.

तुळसीला बापाचा स्वभाव ठाऊक. तिचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होते, फोन स्पीकरवर होता. “अप्पा, माझ्या सासऱ्यांना काही बोलू नका. लोकांत तर मुळीच नको. मला त्या घरात नांदायचंय, गोत्ताय्ता? कळलं?” भुजंगराव “हूं” म्हणाले. फोन ठेवला आणि खिळ्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. मुलीचा संसार एका बाजूला होता आणि नातीची भुवई दुसऱ्या बाजूला. त्यांनी काय ठरवलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा त्यांनी मला नंजनगूडला पाठवलं.

मी दोन खेपांत, मानाजीराव गल्ल्यावर नसताना, वेगवेगळी नावं सांगून आठ पट्टे विकत आणले. खोटं बोलताना मला इतकी मजा पहिल्यांदाच आली. मग आम्ही नाचणीचं एक पोतं भरलं, बरोबर बारा किलोचं, नव्याच्या वजनाचं. भुजंगरावांनी त्याला मुलाच्या अंगासारखा आकार दिला, वर डोक्याएवढी गाठ मारली. पट्टा आकड्याला अडकवायचा, पोतं त्यात बांधायचं, हातभर उचलून सोडायचं. आठांतले पाच पट्टे दुसऱ्या हिसक्यापर्यंत उसवले. गुलाबी सगळ्यात आधी.

आयुधपूजेला मानाजीरावांच्या शेडमध्ये मोठा समारंभ असतो. दाराला केळीचे खांब, मशीनांना झेंडूच्या माळा, कुंकू भरलेला कोहळा उंबऱ्यावर फोडायला तयार. नातेवाईक, शेजारी, त्यांच्याकडून माल नेणारे नंजनगूडचे, हुणसूरचे दुकानदार, चाळीसच्या वर माणसं होती. तुळसी आणि गगन आगगाडीने आधी म्हैसूरला आले होते आणि नंजनगूडला आम्ही बरोबरच निघालो. नव्याचा हात बरा झाला होता. भुवईवर पांढरी रेघ. वाटेत आमची रिक्षा खड्ड्यात आदळली तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. शेजारी बसलेल्या भुजंगरावांनी ते पाहिलं आणि पायांमधली पिशवी आणखी घट्ट धरली.

आरती झाली. भुजंगराव इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात पुढे आले. “व्याही, आमच्या घरची एक रीत आहे. आयुधपूजेला नवा माल आकड्याला लावून बघतो आम्ही.”

मानाजीराव खूश झाले. चार लोकांत व्याह्याने मालाची पूजा करावी, आणखी काय हवं? “लावा की! वा!” त्यांनी स्वतःच्या हाताने ढिगातून एक गुलाबी पट्टा काढून दिला. भुजंगरावांनी तो छताच्या हुकाला अडकवला. मग पिशवीतून पोतं बाहेर काढलं.

पोत्याला त्यांनी फ्रॉक घातला होता. पिवळा, मानेपाशी झालर असलेला. विमानात नव्याच्या अंगात होता तोच. धुतला होता, पण झालरीवर तपकिरी डाग तसाच होता. हे मला त्यांनी सांगितलं नव्हतं. 

“अप्पा!” दाराशी उभी असलेली तुळसी एवढंच म्हणाली.

“बारा किलो,” भुजंगराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “नव्या पण बाराच किलो.”

पोतं पट्ट्यात बांधलं. हातभर उचललं आणि सोडलं. पट्टा टिकला. कुणीतरी टाळीही वाजवली. भुजंगरावांनी पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. कापड फाटल्याचा आवाज आला. फ्रॉक घातलेलं पोतं एका अंगाला कलंडलं, जमिनीवर आपटलं, डोक्याची गाठ सुटली आणि नाचणी मानाजीरावांच्या पायापर्यंत पसरली.

“हे माझ्या नातीचं तोंड,” भुजंगराव म्हणाले.

 मग हुणसूरच्या एका दुकानदाराने नेण्यासाठी बांधलेला गठ्ठा उचलून मानाजीरावांच्या टेबलावर परत ठेवला. त्याच्यामागून दुसऱ्याने ठेवला. गगन बापाकडे बघत होता, आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून. मला झालेला आनंद मी लपवत नाही. चार महिने ज्या घासाची वाट पाहिली तो असा ताटात पडला होता.

पण मानाजीराव काही बावळट नव्हते. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “भुजंगराव, मी दुकानदार. मला टाका कळत नाही. मी चुकलो. पण तुम्हांला कळतो. हा पट्टा मी तुमच्या हातात दिला होता. तुम्ही त्यावरून अंगठा फिरवलात, एकदा नाही, दोनदा. मी बघत होतो. तुमच्या अंगठ्याला कळलं नाही?”

भुजंगरावांनी तोंड उघडलं. “मुलीच्या बापाने व्याह्याच्या आहेरात...” एवढं बोलून ते थांबले. पुढचं वाक्य आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. मुलीच्या बापाने आहेरात खोट काढायची नसते. मीही काढली नसती. माझ्या बापानेही काढली नाही.

तुळसी पुढे आली. रागात तिचं मराठी संपतं. “अप्पा, निमगे गोत्तित्ता?” तुम्हांला माहीत होतं?

त्यांना खोटं बोलता आलं असतं. मी तर सहज बोलले असते. मी मनातल्या मनात त्यांना सांगतही होते, नाही म्हणा, नाही म्हणा.

“हौदु,” ते म्हणाले. “गोत्तित्तु.” माहीत होतं.

नव्या खाली बसून नाचणीचे दाणे गोळा करत होती. तुळसीने तिला उचललं, तिच्या मुठीतले दाणे झटकले आणि सासऱ्यांच्या घरात निघून गेली. कोहळा कुणी फोडलाच नाही. रिक्षात भुजंगराव गुडघ्यांवर रिकामी पिशवी ठेवून बसले होते.

पट्टे शिवणं मानाजीरावांनी दुसऱ्या दिवशी बंद केलं. माझा अर्जही गेला, त्याचं व्हायचं ते होईल. पण तो माझ्या गोष्टीचा शेवट नाही.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, परतीच्या विमानाच्या सकाळी, तुळसी दुकानात आली. कडेवर नव्या, हातात डबा. तिने खरा पट्टा मागवला होता, तपासलेला, खऱ्या शिक्क्याचा. शिक्क्यावरचा नंबर आदल्या दिवशी तिने मला फोटो पाठवून पडताळून घेतला होता. मी जिन्यात उभी होते. भुजंगराव मशीनवरून उठले. तिने त्यांना नमस्कार केला नाही. पट्टा मशीनवर ठेवला.

“आकड्याला लावा,” ती म्हणाली.

त्यांनी पट्टा उचलला. शिवणीवरून अंगठा फिरवला, एकदाच. चौकट होती, मध्ये फुली होती. त्यांनी तो आकड्याला अडकवला, चप्पल काढली, दोन्ही हातांनी खांद्यांच्या पट्ट्या धरल्या आणि पाय उचलले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे छातीशी घेतलेला. पट्टा तसूभर हलला नाही.

“एक,” तुळसी म्हणाली. “दोन. तीन.”

लहानपणी मोजत असेल तसंच ती मोजत होती, सावकाश, एकही आकडा न गाळता. दहापाशी नव्याने टाळ्या वाजवल्या. पंधरापाशी भुजंगरावांच्या मनगटाच्या शिरा वर आल्या. सतरा. अठरा. त्यांची बोटं पांढरी पडली होती. एकोणीस.

“वीस.”

त्यांनी पाय खाली घ्यायला सुरुवात केली आणि मुलीच्या तोंडाकडे पाहिलं.

“इप्पत्तोंदु,” तुळसी म्हणाली. एकवीस. “इप्पत्तेरडु.”

भुजंगरावांनी पाय पुन्हा वर घेतले.

सूड म्हणजे काय ते मला कळतं, असं मी आयुष्यभर समजत होते. जिन्यातून खाली उतरून “पुरे गं” म्हणावं, एवढंच काम होतं. मी कठडा धरून उभी राहिले. भुजंगरावांचे दंड थरथरत होते, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, पण त्यांनी मुलीच्या तोंडावरून नजर काढली नाही आणि हातही सोडले नाहीत. नव्याला आकडे कळत नव्हते. ती टाळ्या वाजवत होती. तुळसीचा आवाज फाटला होता, गालांवरून पाणी वाहत होतं.

“मूवत्तु,” ती म्हणाली. तीस. आणि पुढे मोजत राहिली.